न वाजणारं अक्षर

फिरत्या ग्रंथालयाची गाडी मी एकोणतीस वर्षं चालवली
सामोरा प्रांताच्या वरच्या अंगाला, जिथे गावं
चेस्टनटसारखी एकेक करून गळत गेली.
तेव्हा कासिल्दा ओर्बानेखाला किती पदकं मिळाली
ते मला विचारू नका.
तिचं कुठलं पुस्तक कुठल्या पानावर फाटलं,
एवढंच मला ठाऊक.

ती टेलिफोन खात्यात होती. रात्रपाळी.
दोन माणसांची तार जुळवून द्यायची
आणि मधून बाजूला व्हायचं.
पुढे जन्मभर तेच केलं, म्हणायची.
पहिली गोष्ट तिने ट्रंक कॉलच्या चिठ्ठ्यांमागे लिहिली:
एक शेळी, आणि तिला टरकून असलेला नगराध्यक्ष.

माद्रिदहून बाड परत आलं, लाल पेन्सिलीने रक्ताळून.
समासात शेरा : नगराध्यक्ष कुणाला भीत नसतो.
तिने एका रात्रीत त्याचा कोंबडा केला.
छाती तीच, सज्जातलं भाषण तेच,
मिशीच्या जागी तुरा.
साहेबांनी शिक्का मारला.
पोरं खिदळली.
मोठी माणसं वाचून दाखवता दाखवता उठली
आणि खिडकी लागली आहे ना, ते बघून आली.

राजवट गेली. प्रकाशक धावत आला :
बाई, आता मूळचा नगराध्यक्ष परत आणू या!
ती म्हणाली, कोंबडा राहू दे.
एवढी वर्षं बिनपगारी राबलाय बिचारा.

मधली अकरा वर्षं तिचं काहीच छापलं गेलं नाही.
त्याबद्दल ती बोलत नसे.
धुलाई यंत्रांची माहितीपत्रकं लिहायची, असं कानावर होतं;
एकात म्हणे, हरवलेल्या मोज्यांसाठी
दोन ओळींचं सांत्वन होतं.
ते पत्रक मी अजून शोधतो आहे.

एकदा तिला गाडीतून शाळेत नेलं. सात मुलं, एक शेगडी.
पुढच्या बाकावरच्या ब्रिखिदाने हात वर केला :
“तुम्ही लेखिका आहात, मग मेला कशा नाहीत?”
“अभ्यास चालू आहे,” कासिल्दा म्हणाली.
त्या शाळेत आता मधाच्या बरण्या ठेवतात.

शेवटचा भेटलो बेनाव्हेंतेच्या वृद्धाश्रमात.
शेळीच्या गोष्टीची प्रत घेऊन गेलो होतो,
पाठीला चिकटपट्टी, कोपऱ्याला कुणाचे तरी दात.
शेवटच्या कोऱ्या पानावर कुणा पोराने
पेन्सिलीने गोष्ट पुढे नेली होती :
मग कोंबड्याने एक अंडं घातलं
आणि सगळ्यांची माफी मागितली.

नियमाप्रमाणे मी खोडरबर काढला.
तिने माझा हात धरला. पेन्सिल मागितली.
बराच वेळ वाचत राहिली. ओळ तर एकच होती.

आमच्या भाषेत अंड्याच्या सुरुवातीला एक अक्षर येतं,
लिहायचं, पण उच्चारायचं नाही.
पोरं ते हमखास विसरतात. यानेही गाळलं होतं.
तिने ते हलक्या हाताने मधे बसवलं,
बाकी कशालाच हात लावला नाही.
“ऐकू येत नाही,” म्हणाली, “पण असतं.”

पुस्तकाची मुदत केव्हाच टळून गेली होती.
मी दंड लावला नाही,
आणि ते परतही आणलं नाही.