बर्फाचा गॉगल

हरभट रोडला माझं दुकान, एकतीस वर्षं झाली.
गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न ठरलेला:
बघायला पाहिजे की दिसायला?
लोक हसतात. मी हसत नाही.
काच बघायला असते, फ्रेम दिसायला,
आणि माझं घर, खरं सांगतो, फ्रेमवर चाललंय.

जानेवारीत सन्मती आली, बिरनाळ्यांची,
मार्केट यार्डात ज्यांची हळदीची अडत.
औलीला निघालेली पंधरा दिवस,
एका फळीवर दोन्ही पाय बांधून
बर्फावरून घसरायला शिकायचं म्हणून.
सांगलीत बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा,
किंवा मासळीच्या पेटीतला.
खोक्यातनं काढून तिनं काउंटरवर ठेवला:
शेंदरी-जांभळा आरसा, केवढा तरी,
मोटारीची अर्धी काचच तोंडावर बांधायची.
"काका, एकवीस हजार पाचशे. वाजवी आहे का?"

लेन्सोमीटरखाली धरला. नंबर शून्य.
दोन काचा, मधे हवा कोंडलेली, म्हणजे वाफ धरणार नाही.
गोलाई दोन्ही अंगांनी, हे काम सोपं नव्हे,
घासणाऱ्याला मी मनात नमस्कार केला.
फोम तीन पदरी, गालाला मऊ.
किरणं अडवतो, पण ती माझा चारशेचाही अडवतो.
पाठकोऱ्या बिलावर आकडे मांडले:
ओढूनताणून आठ हजार.
उरलेले साडेतेरा त्या पट्टीवरच्या नावाचे.
सात अक्षरं. अक्षराला एकोणीसशेच्या वर.

तिचे आप्पा मागं उभे होते, गप्प.
"आम्ही हळकुंड मोडतो," म्हणाले,
"आतला रंग बघतो, मग भाव बोलतो.
हे मोडून दाखवतीस का?"
तिनं खोकं मिटलं.

मार्चमधे परत आली. नाक सोललेलं,
डोळ्यांभोवती गोरा चौकोन.
"मग? दिसलं का?"
"पहिले चार दिवस काहीच नाही, काका.
आभाळ आणि जमीन एकच पांढरं.
खोलीतली दीपा, लोहाघाटची, तीन हजाराचा घालायची,
तिलाही तेवढंच दिसलं."
"आणि ऊन पडल्यावर?"
जरा थांबली.
"तिच्या काचेत कडेची झाडं वाकायची,
माझ्यात सरळ उभी.
पण सरळ गेली ती. मी सतरा वेळा पडले."
मग हळूच, "फोटोत मात्र मीच."

गॉगल पुढं सरकवला. बघतो तर
फोम सगळा पिवळाधमक.
आप्पांनी घातला होता म्हणे, पॉलिशच्या ड्रमपाशी,
कुणी नसताना, संध्याकाळी,
आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा
त्यांचे डोळे चुरचुरले नाहीत.
अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणारे पुष्कळ पाहिले,
हा एकवीस हजार पाचशेनी झालेला.
"काय म्हणाले आप्पा?"
"माल चांगला आहे म्हणाले. भाव वाईट."

हळद जाणार नाही, हे मी तिला सांगितलं.
तरी ठेवून जा म्हणालो, साबणपाण्यानं बघतो.
साठ रुपये होतील.

दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं.
शटर अर्धं खाली ओढून मी तो चढवला.
लाकडी कपाट शेंदरी, कॅलेंडर शेंदरी,
नंबर तपासायचा तक्ता, खालची बारीक ओळसुद्धा
स्वच्छ, आणि हळदीचा वास.
मग आरशात पाहिलं.
माझे डोळे कुठंच नव्हते,
त्यांच्या जागी सगळं दुकान, वाकलेलं, लखलखीत,
आणि त्याच्याखाली अठ्ठावन्न वर्षांच्या मगदुमाचं नाक.

बरा दिसत होतो.

तेवढ्यात चहाचा पोरगा शटरखालनं वाकून आत आला
आणि मी घाईनं काढायला गेलो,
तर पट्टी कानात अडकली.
"कितीला हो, काका?" त्यानं विचारलं.
पेला घेतला. म्हटलं,
"गरम आहे का रे?"