शंभर मिलिलिटर

मे महिना. नापास मुलांचा उन्हाळी वर्ग.
सहा मुलं, एक बीकर, शंभर मिलिलिटर पाणी.
नळाचं नाही, बोअरचं तर नाहीच,
कॅनमधलं, ऊर्ध्वपातित, चव नसलेलं.

मीठ टाका, मी म्हणते. मोजून.
पस्तीस ग्रॅमपर्यंत पाणी तक्रार करत नाही.
छत्तीसाव्याला तळाशी थोडं राहतं,
मग कितीही ढवळा,
काचेवर कांडी वाजते, तेवढंच.
तापवा.
बर्नर कशाला मॅडम, खिडकीत ठेवू, कोणीतरी म्हणतं.
बाहेर शेहेचाळीस आहे. सगळे हसतात.
उकळी येते, आणि मीठ
जेमतेम तीन ग्रॅम पुढे सरकतं.
"बस? एवढंच?" सुहानी गजभिये विचारते.
एवढंच.
काही माणसं अशी असतात, म्हणणार होते,
पण हा विज्ञानाचा तास आहे.

साखर तशी नाही.
थंड पाण्यात दोनशे, उकळत्यात चारशे सत्त्याऐंशी,
असं पुस्तकात लिहिलंय.
आमचा डबा दोनशे वीसवर संपला.
तरीही सुहानी बीकर उजेडाकडे धरून म्हणाली,
"पाण्याच्या दुप्पट साखर!
मग यात पाणी कुठे आहे?"
मी फळ्यावर लिहिलं: द्रावक, द्राव्य, द्रावण.
हे उत्तर नव्हतं, तिला कळलं.

संपृक्त हा शब्द मी अकरावीत शिकले.
त्याआधी आमच्याकडे 'भरला' म्हणत.
लालगंजात पत्र्याची शेड, दोन भट्ट्या,
होळीच्या आधी महिनाभर गाठ्यांचं काम.
बाबा कढईत दुधाचा शिंतोडा देत,
मळी वर आली की झाऱ्यानं काढत.
सागाचे साचे रात्रभर पाण्यात बुडालेले,
त्यांत दोरे ताणून बसवायचं काम माझं.
"भरला का?" आई विचारायची.
बाबा थेंब चिमटीत धरायचे,
बोटं उघडायचे, मिटायचे.
"नाई. अजून घेते ते."
पाणी अजून घेतंय, असा अर्थ.
मग एका क्षणी, "भरला."
आणि धावपळ.
ओतलं की चार मिनिटांत साचा पांढरा.
गाठी म्हणजे दुसरं काय,
निवताना पाण्याला सांभाळता न आलेली साखर,
दोऱ्याला धरून बसलेली.

सगळंच उष्णतेत विरघळतं असं नाही, हेही शिकवावं लागतं.
आमच्या गल्लीतला चुना पाण्यात मुकाट असतो,
तापलं की बाहेर पडतो.
कूलरच्या जाळीवर त्याचे थर,
दर रविवारी मी चमच्यानं खरवडते.
हवाही तशीच, गरम पाण्यात थांबत नाही.
या दिवसांत पहाटे फुटाळ्यावर गेलं
तर मासे पृष्ठभागाला तोंड लावून असतात,
उघडत, मिटत.

बाबा कूलरसमोर बसतात. एकोणऐंशी.
चहा बिनसाखरेचा.
रक्ताचा रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा
आकडा ऐकून खूश झाल्यासारखे म्हणाले,
"भरला म्हन ना पाक."
मी हसले. मग न्हाणीघरात जाऊन
बराच वेळ तोंड धुतलं.

सुहानीनं त्या बीकरमध्ये दोरा सोडलाय,
पेन्सिलीला बांधून, वर बशी झाकून.
रोज येऊन बघते. काही नाही.
रात्री दोनलाही इथे चौतीस असतं.
मी बाबांना सांगितलं:
दोनशे वीस, चौतीस, चार दिवस, दोरा कोरा.
त्यांनी हातानं हवेत थेंब धरला,
बोटं उघडली, मिटली.
"भरलाच नाई, तं धरन कायले?
ठेव पोरीले म्हना झाकून.
दिवाळीपर्यंत ठेव."

शाळा बीकर परत मागेल.
मी नोंदवहीत लिहिलंय: फुटला.