आत्याचं अक्षर

लोकरीच्या गोदामात मी कारकून आहे.
गाठोडं तोलायचं, भाव सांगायचा,
वही पुढे सरकवायची: इथे नाव लिही.
शेजारी शाईची डबी असते अंगठ्यांसाठी.
वाळून गेलीय.
आमच्या खोऱ्यात अंगठा कुणी लावत नाही.

आत्याचा स्वतःचा उजवा अंगठा अर्धाच होता.
एका जुलैत, बर्फात हरवलेलं करडू शोधताना
वरचं पेर काळं पडलं आणि गेलं.
तेव्हापासून तिचा 'एम' धड उतरायचा नाही.
शेवटची रेघ खाली यायची, मध्येच थांबायची,
जमिनीला न टेकता,
घोडा उभ्या उभ्या झोपताना
मागचा एक पाय उचलून धरतो ना, तशी.

आणि आमच्याकडे बायकांची नावंच 'एम'पासून.
मूल झालं की बाई अमक्याची मा होते.
आत्या मामोतेबांग.
मोतेबांग तीन दिवस जगला.
नाव तिने एकाहत्तर वर्षांपर्यंत वापरलं.

रात्री मेंढ्या कोंडल्या की गुराखी पोरं यायची,
घोंगड्या, गमबूट, कुत्री, सगळ्यासकट.
मालक ओरडायचे: मेंढ्या काय चिठ्ठ्या लिहिणार आहेत?
ती म्हणायची, मेंढ्या नाही लिहिणार.
पण मेंढ्या मोजणारा लिहितो,
आणि काय लिहितो ते बघायला नको?

मी तेव्हा अकरा वर्षांचा,
मासेरूच्या शाळेतून सुट्टीला आलेला, बुटांना पॉलिश.
सगळ्यांदेखत म्हणालो,
आत्या, तुझा एम चुकलाय.
कंदील तेवढा सुरसुरत राहिला.
तिने फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"तुला वाचता आला ना?
मग पोचला की. लंगडत पोचला असेल."
पोरं हसली.
त्या हसण्यापायी मी सहा सुट्ट्या
तिच्याकडे गेलो नाही.
तिने कधी विचारलं नाही, का.
हे आता टोचतं.

शनिवारी तिला पुरलं.
पहाटेपासून घोडे उतरत होते सेन्कूच्या पलीकडून,
आणि घोड्यांवर तिची पोरं, दाढ्या पिकलेली.
एकाने दवाखान्याचा पांढरा कोट घोंगडीखाली तसाच ठेवला होता,
एक जण खाणीतून दोन दिवस प्रवास करून आलेला,
खोकत होता.
भाषणं झाली. मला फारशी आठवत नाहीत.
आठवतं ते असं:
थडग्याशी उभी करायची फळी मी गावातून करवून आणली होती,
अक्षरं कोरीव, ताठ, सुबक.
सेखोबे ती बराच वेळ बघत राहिला.
मग खाली बसला, चाकू काढला,
आणि पहिल्या अक्षराचा शेवटचा पाय
खालून खरवडायला लागला.
पाद्री डोंगराकडे बघू लागले.
पैसे मी मोजले होते त्या फळीचे.
मी गप्प राहिलो.
भुसा त्याने फुंकला नाही, तळहाताने पुसला.

मग कोरफडीचे तुकडे टाकलेल्या पाण्यात
सगळ्यांनी हात धुतले.
महिन्याने तिचे कपडे वाटले, रिवाजाप्रमाणे.
माझ्या वाट्याला घोंगडीची पिन आली,
जाडजूड, गंजलेली. ती खिशात असते.

काल एक पोरगा आला, असेल नऊ-दहाचा,
आजोबांची लोकर गाढवावर लादून.
वहीत नाव लिहिलं: मोलेफे.
मी 'एम'कडे बघितलं.
पाय टेकलेला नव्हता.
कुणी शिकवलं, म्हटलं.
बापाने. का? असाच असतो ना?
आत्याला त्याने पाहिलेलंही नसणार.
मी म्हटलं, असाच असतो.
खाली मान घालून वजन मांडलं, हिशेब वाचून दाखवला.
थांबा, म्हणाला,
आणि माझी वही स्वतःकडे फिरवून
बोटं मोजत पुन्हा बेरीज केली.

मी चुकलो होतो. दोन किलोंनी.