पिकदाणी

दहाच्या आत ग्लास मांडायचे.
एकेका माणसापुढे बारा, माणसं सात.
साबण चालत नाही. नुसतं कढत पाणी
आणि कसलाच वास नसलेलं सुती फडकं.
हातालाही वास नको, आबीलियूसाहेबांनी
पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
लसूण नको, अत्तर नको,
मनात काही असेल तर तेही घरी ठेवून ये, एतेल्विना.
ते गंमत करत होते.
मी एकवीस वर्षं ठेवून येते आहे.

मग बाटल्या येतात, गळ्यापर्यंत काळे मोजे चढवलेल्या.
नाव नाही, गाव नाही, पाठीवर आकडा.
सात नाकं वाकतात.
घोट तोंडात खळखळवतात, जिभेच्या कडेनं हवा ओढतात,
आणि थुंकतात.
गिळायचं नाही.
गिळलं की म्हणे मुलूख ओळखू येत नाही.

मी शाळेत भूगोलात नापास.
पोर्तुगाल शिकले ते ग्लासांच्या तळाशी.
दोरू म्हणजे पाटीचा दगड,
तापलेल्या पाटीवरचं गणित
ओल्या बोटानं पुसावं, तेव्हा येतो तसा वास.
दांवची वाइन मोजकं बोलते, ग्रॅनाइटच्या घरातली माणसं बोलतात तशी.
बायराडा ओल्या अक्रोडाच्या सालीसारखी,
दुसऱ्या दिवशीही बोटांवरून जात नाही.
आलेंतेझूत अजून रांजणात मुरवतात,
माणसाहून उंच रांजण; ती वाइन आली की
धुताना मला मातीच्या भिंतीला गाल लावल्यासारखं होतं.
हे कुणाला सांगितलं नाही. विचारलंच कुठे कुणी?

दुपारी सगळं पिकदाणीत एक होतं.
ज्या हद्दींसाठी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या झाल्या
त्या पितळेच्या भांड्यात दोन मिनिटं टिकत नाहीत.
रंग जुन्या शाईचा. मी ओतते, नळ सोडते.

त्या मंगळवारी अकरा नंबरवर तोंडं वाकडी झाली.
आंबट. तुरट. दारच उघडत नाही.
फिलोमेनो, नवा परीक्षक, अजून टायची गाठ आवळून बसणारा,
त्यानं दोष या रकान्यात लिहिलं: खारट.

मी ग्लास उचलला आणि थांबले.

कोलारिश. समुद्राला लागून नुसती वाळू.
वेल वाळूत, पण मुळांना हवी तिच्याखालची चिकणमाती,
म्हणून माझा बाप दोन-दोन पुरुष खोल खणायचा,
डोक्यावर वेताची टोपली उपडी घालून.
वाळू ढासळलीच,
तर टोपलीत मावेल एवढी हवा.
तेवढ्यात वरच्यांनी उकरून काढायचं.

आई टोपली घरात घेऊ द्यायची नाही.
मी एकदा गुपचूप डोक्यावर घालून पाहिली:
फटींतून उन्हाचे तुकडे,
मीठ, घाम, ओला दोर.

आता तिथे पाहुण्यांचे बंगले.
वेली उरल्यात थोड्या, वाऱ्याला बिचकून
जमिनीसरपट, वेताच्या कुडाआड.

"काय गं, काय झालं?" आबीलियूसाहेब.
"वाळू आहे," मी म्हटलं.
त्यांनी ग्लास उजेडात धरला,
फिरवला, चष्मा पुसून पुन्हा धरला.
"दिसत तर नाही."
त्यांना बिचाऱ्यांना खरंच काळजी वाटली.
"दुसरा ग्लास लाव."

मी लावला.
पहिला मोरीशी नेला, दार लोटलं,
आणि धुवायच्या आधी
सगळा गिळला.

खारट होता.
फिलोमेनोचं तेवढं बरोबर.