दोन इंच

एकतीस वर्षं मी पुढेच बसलो.
म्हापशाच्या बाजाराच्या तोंडाशी
पिवळ्या मडगार्डची गाडी आडवी लावून
“खंय वचपाचें, पात्रांव?” म्हणत.

मागे कोण बसलंय ते मला वजनावरून कळायचं.
टोपली मांडीवर घेतलेली रोझालिन डावीकडे कलायची,
तारखेला कोर्टात निघालेले गावस
ब्रेक दाबला तरी तसूभर सरकत नसत.
पण पाय वजनात कळत नाहीत.
पाय मला कधी कळलेच नाहीत.

“जरा थांब रे सगुण, मुंग्या आल्या पायाला.”
पेडण्याहून डबल ड्यूटी करून येणारी नर्सबाई म्हणायची.
“हा काय, पूल आलाच,” मी म्हणायचो.
पूल यायचा,
मागे जायचा.
स्टँडवर उतरल्यावर ती विजेचा खांब धरून
एक पाय हळूहळू झटकत राहायची.
पैसे द्यायला उशीर लावायची.
मला वाटायचं, सुटे शोधतेय.

यंदा उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.
महिनाभर हँडल धरायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं,
आणि नेमकं काणकोणला भाचीचं लग्न.
“पप्पा, बस मागं,” साईश म्हणाला.

बसलो. आपल्याच गाडीवर पाहुणा.
पर्वरीपर्यंत तर ऐटीत, हात मांड्यांवर.
मांडवीवर वारा होता, तिथेही काही वाटलं नाही.
आगशीला गुडघे वर आले
आणि पोटाशी कुजबुजू लागले.
कुठ्ठाळीला घोट्यातून पहिली मुंगी निघाली,
वेर्ण्याच्या चढावर तिनं पोरंबाळं बोलावली,
मडगावला वारूळ.
कुंकळ्ळीत खाली पाहिलं,
तर डावा पाय कुणीतरी विसरून गेल्यासारखा
फुटरेस्टवर नुसता ठेवलेला.
करमलच्या घाटात वळणावळणाला
सायलेन्सर पोटरीला विचारायचा,
काय, ओळखलंस?

“साईश, मातशें राव रे.”
“हा काय पप्पा, उतरण आलीच.”

आवाज त्याचा होता.
वाक्य माझं.

मंडपात शिरलो तो थेट खांबापाशी.
केळीचा खांब, कच्चा, जरा वाकलाच.
व्याही हात पुढे करून उभे,
आणि मी आहेराचं पाकीट शोधतोय असं दाखवत
दोन्ही खिसे चाचपत राहिलो.

परतल्यावर आसगावला मिंगेलच्या वर्कशॉपात गेलो.
“फुटरेस्ट खाली घे.”
“किती?”
“तूच सांग.”
“बसणार कोण?”
“कोणीही.”
“कोणाचीही पँट शिवत नाहीत, सगुण.
चढ मागं.”
त्यानं मला मागे बसवलं, टेप गुडघ्याला लावली,
तोंडात विडी तशीच विझलेली.
“हे बघ, कोंबड्यासारखा दुमडलायस.
जेवायला खुर्चीवर बसतोस ना, तेवढा तरी उघडायला हवा पाय.”
दोन इंच खाली, एक इंच पुढे.
उजवीकडे दीडच, सायलेन्सर आड येतो.
त्यावर पत्र्याचं कवच ठोकलं,
आणि जुन्या चपलेचा तळ कापून
दांड्यांना रबर बांधलं, थरथर पिऊन टाकायला.
वेल्डिंगच्या उजेडाकडे बघू नको, म्हणून
त्यानं मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

नर्सबाई केव्हाच रिटायर झाली.
तिचं घर कुठल्या वाड्यावर, तेही मी कधी विचारलं नव्हतं.

महिन्यानं पहिलं भाडं मिळालं. पेडण्याचाच एक पोरगा,
बँकेच्या परीक्षेहून परतणारा, लांब टांगांचा.
धारगळला मी आपणहून थांबलो.
“काय झालं, अंकल?”
“काही नाही. चहा घेऊ या. उतर, पाय मोकळे कर.”
त्याला कळलं नाही. बिस्किटही त्यानंच खाल्लं.

पेडण्याला उतरला, पैसे दिले,
खांबबिंब काही न धरता
सरळ चालू लागला.
मी त्याचे पाय बघत राहिलो वळणापर्यंत.
उजवा त्यानं एकदा झटकला.
एकदाच.

तो अर्धा इंच
माझ्याकडे बाकी आहे.