एक सूत

आचारसंहिता लागली की फैजपूर ठाण्यात
माझ्या टेबलावर हत्यारं जमा होतात.
बाराबोरी, छत्रीसारख्या काखेत मारून आणलेल्या,
कुणाचं पिस्तूल साखरेच्या पिशवीत,
आणि निनाजी भारंब्यांचं रिव्हॉल्वर
पितळी डब्यात, मलमलीवर.
मी नंबर वाचते, रजिस्टरात उतरवते,
लाख वितळवते.
एप्रिलात लोखंड असं तापतं
की रुमालाशिवाय धरवत नाही.

भुसावळचे तय्यबअली बंदूकवाला तपासणीला येत.
हिच्यापाशी आले की आधी चष्मा पुसत.
बाई, ही मॅग्नम.
नाव दारूच्या मोठ्या बाटलीवरून पडलंय,
पण मनावर घेऊ नका.
एकोणीसशे पस्तीस. तिकडे सातासमुद्रापार
दरोडेखोर मोटारीतून पळायचे,
शिपायांची गोळी मोटारीच्या दाराला
पोचा पाडून खाली पडायची.
म्हणून नवं काडतूस केलं, जुन्याहून लांब.
किती लांब?
अंगठ्याच्या नखावर त्यांनी दाखवलं: एक सूत.
सुताराचं सूत, इंचाचा आठवा भाग.
बारुदीला जागा नव्हती म्हणून नव्हे हो,
जागा जुन्यातही होती.
लांबवलं अशासाठी, की हे चुकून
जुन्या, नाजूक रिव्हॉल्वरात बसू नये
आणि धरणाऱ्याचाच पंजा उडू नये.
सुतावरून स्वर्ग म्हणतात ना, ते हे.

एवढी माया, एका सुताची,
चाप ओढणाऱ्या हातासाठी.
समोरच्यासाठी कुणी काही मोजलं नव्हतं.

सुरुवातीला म्हणे एकेकीचा कागद निघायचा:
नळी केवढी, माशी कुठली, घेणारा कोण.
तेवढ्यात मला ती ओळखीची वाटली.
मग मागणी वाढली, कागद बंद झाले,
सत्तावन्न साली नावही गेलं,
नुसता आकडा राहिला. सत्तावीस.
मी माझ्या बकलेवरून बोट फिरवलं.
पुढे हिच्याहून दांडग्या आल्या,
इकडे परदेशातून येणंच थांबलं,
आणि ही जुनी होत गेली तशी महाग होत गेली.
माणसाचं उलटं असतं, तय्यबअली म्हणत,
आणि नळीत फुंकर मारत.

परवा कोकिळाबाई आल्या. भारंब्यांची सून.
जमा करायला नाही, परवाना सोडायला.
काडतुसं मोजली.
कागदावर पंचवीस, डब्यात चोवीस.
माझं पेन थांबलं.

त्या म्हणाल्या, वावधन आलं होतं त्या साली,
घड कापणीला आलेले.
सासरे डबा घेऊन बांधावर धावले,
"थांब, तुले दाखवतो!" असं आभाळाला ओरडले
आणि एक गोळी वर.
वारा काही थांबला नाही.
सकाळी सहा हजार खोडं आडवी,
सगळ्यांची डोकी एकाच दिशेला.

मोटारीचं लोखंड फोडायला घडलेलं काडतूस.
त्यानंतर दर दसऱ्याला तेल पाजलं,
घोड्याला मात्र कुणी हात लावला नाही.

"आणि पुंगळी?" मी विचारलं. विचारावं लागतं.

त्यांनी चंचीतून काढली.
तोंडाला कापसाचा बोळा. आत सुया,
तीन जाड, एक बारीक,
बारकीला गुंडाळलेला पांढरा दोरा.
"हे बी जमा करा लागीन का?"

रकाना होता. मी लिहिलं:
काडतुसं चोवीस. एक वादळात खर्च.
पुंगळीचं काही लिहिलं नाही.

लाख निवेपर्यंत दोघी गप्प बसलो.
मग त्यांनी मुठीच्या अक्रोडी लाकडावर
एक काळा ठिपका दाखवला.
केळीचा चीक आहे, म्हणाल्या,
घासून पाहू नका.