थोडक्यात

सुरामीचा रस्ता. नाझुकीच्या भट्ट्यांची रांग.
पलीकडे गटाराशी घडीच्या खुर्च्या मांडून
आम्ही सहाजण, लिंबाच्या रंगाची जाकिटं,
मांडीवर तक्ता, मुठीत स्टॉपवॉच.
प्रशिक्षणाचा तिसरा दिवस.

अपघात मोजायचे नाहीत, बातोनो नुग्झार म्हणाले.
ते पोलीस मोजतात, आणि त्यांच्यानंतर पाथरवट.
रिकोतीच्या घाटात बघा, वळणावर काळा ग्रॅनाइट,
त्यावर कोरलेला हसरा पोरगा, पुढ्यात वाइनचा पेला.
तुम्ही मोजा, जे झालं नाही ते.
काळ येतो आणि वेळ येत नाही,
त्या दोहोंमधलं अंतर.
दीड सेकंदाहून कमी भरलं तर तांबड्या पेनाने.

गोचा अंब्रोलाउरीचा. मोऱ्या बांधण्यात हयात गेली,
त्याला हे पटत नाही.
मोरी बांधली की दिसते, तो म्हणतो,
इथे दिवसभर खपून संध्याकाळी दाखवायचं काय?
कोणी मेलं नाही?
तरी त्याचेच आकडे सगळ्यांत सुबक.

दहा बावीस: दुधाचा टँकर, सायकलवाला. दोन पूर्णांक एक.
दहा चाळीस: गाय. गाईला रकाना नाही,
'इतर'मध्ये हाकलली.
अकराला एक जुनी लाडा, वास आला म्हणून जागच्या जागी थांबली.
मागच्याने शिव्या हासडल्या, मग तोही उतरला.
दोघांनी चार-चार नाझुकी घेतल्या.

आणि त्सियाला.
डोक्याला फडकं, दोन्ही हातांत लांबट, गरम पाव.
गाडीचा वेग जरा पडला की ती डांबरावर उतरते,
पांढरी पट्टी ओलांडून,
जशी अंगणात वाळवण उलथायला.
अकरा सतराला कुताइसीची मिनीबस
ट्रकच्या आडून निघाली

आणि मी उभी राहिले, ओरडले,
काय ओरडले ते आठवत नाही.
रबर जळल्याचा वास, त्यात दालचिनीचा.
मिनीबस तिच्या एप्रनपाशी थांबली.
माझं स्टॉपवॉच शून्यावर.
तीन दिवसांतली सगळ्यांत तांबडी नोंद,
आणि मी बटणच दाबलं नव्हतं.

नुग्झारांनी माझी पडलेली खुर्ची उचलून ठेवली.
बऱ्याच वेळाने म्हणाले, रकाना कोरा सोड.
अंदाजाने भरू नकोस.

त्सियाला पाव झटकत आली, चिडली होती माझ्यावरच.
तुझ्या ओरडण्याने गिऱ्हाईक पळालं.
काय लिहिता एवढं?
थोडक्यात वाचले, ते.
मग मला लिही की, म्हणाली. एकतीस वर्षं.
रोजची.

मी तिला नकाशा दाखवला: दोनशे मीटर पुढे
गाड्यांना थांबायला रुंद जागा, कठडा, उंच कडेचा दगड,
भट्ट्या ओळीने, कुणालाच डांबरावर उतरायला नको.
तिने कागद उलटा धरला, मग सुलटा.
आणि वास? म्हणाली. वास पण नेणार का तिथे?
वास नाही आला, तर ब्रेकवर पाय ठेवेल कोण?

तेव्हा हसले मी.
रात्री खाशुरीच्या वसतिगृहात तक्त्याच्या तळाशी
'उपाय थोडक्यात लिहा' इथे येऊन अडले.
पुस्तकात चढ होता, दृष्टीचं अंतर होतं,
ओल्या डांबराचं घर्षण, चालकाच्या डोळ्याची उंची.
नाकाविषयी एक ओळ नव्हती.
कागदावर लोण्याचा डाग, नेमका त्या कोऱ्या रकान्यावर,
उजेडाकडे धरला की आरपार दिसायचा.

पहाटे साडेपाचला गोचाने काठी रोवली,
मी तिच्या टोकाला रिबीन बांधली, त्या दोनशे मीटरवरच्या जागी.
रिबीन आधी घाटाकडे गेली, मग ढिली पडली,
मग काठीला गुंडाळून बसली.
हे तरी दिसतंय, गोचा म्हणाला.

मागे पहिल्या भट्टीत कोणीतरी काटक्या टाकल्या.
रस्ता रिकामा.
आम्ही दोघं सरकारी माणसं
नाकं वर करून उभे.